चौऱ्याऐंशी चिंचोके

फार जुन्या काळी, जिकडे तिकडे राजेच राजे होते तेव्हा, तळ्याकाठच्या एका गावानं राजाशिवाय राहायचं ठरवलं होतं. गाव चौऱ्याऐंशी उंबऱ्यांचं. गावानं आपल्यातलाच एक कारभारी निवडायचा आणि मोठं काही ठरवायचं असलं की सगळ्यांनी पारावर जमायचं, एकदा ठरलं की वर्षभर ते बदलायचं नाही, अशी तिथली रीत.

पारावर दोन मडकी असत. तांबडं होकाराचं, काळं नकाराचं. प्रत्येक घराला एक चिंचोका. तो मुठीत घ्यायचा, मूठ आधी एका मडक्यात घालायची, मग दुसऱ्यात, आणि दोहोंपैकी एकात चिंचोका गुपचूप सोडून द्यायचा. कुणी कुठं सोडला हे सख्ख्या भावालासुद्धा कळत नसे. त्यामुळे कारभाऱ्याशी तोंडावर गोड बोलून त्याच्याविरुद्ध चिंचोका टाकणारी माणसंही गावात सुखानं नांदत होती.

सभेची दवंडी देण्याचं काम कोतवालाकडे होतं. तीस वर्षं तो हलगी वाजवत चौऱ्याऐंशी दारं हिंडत होता. टाचांना भेगा पडल्या, गुडघे कुरकुरायला लागले, पण एक दार त्यानं कधी चुकवलं नाही.

सभा मात्र कंटाळवाणी असे, खोटं कशाला बोला! एक म्हातारा उठायचा तो आपल्या आजोबांनी विहीर कशी खणली इथपासून सुरुवात करायचा. दोन साडू बांधावरून भांडायला लागायचे. मग कुणीतरी मागच्या साली ठरून गेलेला विषय पुन्हा उकरून काढायचं. दुपारी बसलेली माणसं दिवेलागणीला उठायची आणि कंबर धरून घरी जायची.

एकदा कोतवाल दवंडी देत खालच्या आळीत आला, तेव्हा तिथल्या माळणीची गाय अडली होती. माळीण एकटी बाई. तळ्याच्या खालच्या मोरीतून येणाऱ्या पाण्यावर तिची वांग्या-मिरच्यांचे वाफे होते आणि त्यावर तिचं पोट होतं.

"दादा, आज काय मला यायला जमत न्हाई," ती म्हणाली. "माझा तेवढा काळ्यात टाका की."

कोतवालानं चिंचोका घेतला आणि सांगितल्याप्रमाणे काळ्या मडक्यात टाकला. अडलेल्या गायीपुढे कोण नाही म्हणणार?

पण हे शेजारणीनं पाहिलं होतं. पुढच्या सभेला तिची गाय अडलेली नव्हती, तरी तिनंही चिंचोका काढून दिला. मग तिच्या जावेनं दिला. मग वरच्या आळीतल्या चौघांनी दिला. कोतवालानं कमरेला एक पिशवी बांधली. हे रीतीत बसत नव्हतं खरं. पण तसं म्हणायलाही कुणीतरी सभेला यायला हवं होतं ना!

सुरुवातीला माणसं निदान काळ्यात की तांबड्यात ते सांगायची, आणि कोतवाल बिचारा ते घोकत पारापर्यंत जायचा. तिसऱ्या वर्षी सांगणंही बंद झालं. "तुम्हाला बरं वाटेल तिकडं टाका, कोतवालराव. तुम्ही काय परके हाय का?"

कोतवालराव! तीस वर्षांत हे 'राव' त्याला कुणी लावलं नव्हतं. तो मनातून सुखावला, यात नवल नाही. पायांना मात्र आराम नव्हताच. आता एक फेरी चिंचोके गोळा करायची आणि दुसरी काय ठरलं ते सांगायची. कारभारीही तिन्ही वर्षं तोच राहिला. पारावर तो, दोन मडकी आणि कोतवाल. सभा पाच मिनिटांत उरकायची.

अशा दिवसांत कारभाऱ्यानं विषय काढला, की तळ्याची खालची मोरी वर्षभर बंद करावी आणि सगळं पाणी वरच्या रानातल्या उसाला द्यावं. वरच्या रानातला निम्मा ऊस त्याचाच होता.

कोतवाल दवंडी द्यायला निघाला. खालच्या आळीत एकोणीस घरं होती आणि मोरी बंद म्हणजे त्यांच्या वाफ्यांचं मरण होतं. त्यानं हलगी थांबवली आणि दारोदार हात जोडून सांगितलं, "या बारीला स्वतः या. माझ्यावर सोडू नका."

"आमचं काय त्यात?" वरच्या आळीतले म्हणाले आणि चिंचोके पिशवीत पडले. "कोण ती विहिरीची कथा ऐकणार?" मधल्या आळीतले म्हणाले आणि चिंचोके पिशवीत पडले.

माळीण वांगी तोडत होती.

"ताई, मोरी बंद करायचं घाटतंय. वांगी राहू द्या, पाराकडं चला."

"अवो दादा, उद्या बाजार हाय. आजच तोडायला पायजेत." तिनं ओच्यातून चिंचोका काढला. "आन् तुम्ही आमचं वाईट होऊ द्याल व्हय? आजवर चुकलाय का तुम्ही कधी?"

"मी काळ्यातच टाकतो. सगळेच्या सगळे," कोतवाल म्हणाला. त्यानं ते अगदी मनापासून म्हटलं होतं.

पारावर कारभारी एकटाच सुपारी कातरत बसला होता. कोतवाल समोर उभा राहिला. चौऱ्याऐंशी माणसं रांगेनं मुठी घालायची, तेव्हा कुणाचीच मूठ कुणाला ओळखू येत नसे. आज मूठ एकच होती, आणि कारभारी ती पाहत होता.

"दमलास रे," कारभारी मायेनं म्हणाला. "किती हिंडतोस या वयात! ये, बस इथं."

पारावर त्याला आजपर्यंत कुणी 'बस' म्हटलं नव्हतं. कोतवाल बसला. कारभाऱ्यानं स्वतःच्या तांब्यातलं पाणी दिलं. पायांना विसावा मिळाला तसं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काळ्यात टाकायचं म्हणतोस?" कारभारी हळूच बोलला. "टाक बाबा. पण मग ते गावाचं म्हणणं नव्हे हं, तुझं एकट्याचं. उद्या वरची आळी विचारायला आली, तर उत्तर तूच दे. मी आपला सांगून ठेवतो."

कोतवालानं पिशवीची गाठ सोडली. ज्यांचं होतं ते घरी बसले आणि वाईटपणा मी का घेऊ, असं त्याच्या मनात आलं. त्याहून खरं सांगायचं, तर त्याला भीती वाटली आणि त्याला उठवेना. त्यानं पिशवी तांबड्या मडक्यात रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी मोरी बंद झाली. महिन्याभरात वांग्यांनी माना टाकल्या, मिरच्या जागच्या जागी वाळल्या. तेव्हा कुठं गाव पारावर धावत आलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिथं पाय ठेवायला जागा उरली नाही.

"आम्हाला कुणी इचारलं?" माळीण ओरडली.

कारभारी रागावला नाही. त्यानं तांबडं मडकं तिच्यापुढे सरकवलं. "मोज, बाई."

तिनं मोजले. चौऱ्याऐंशी.

"तुझा त्यातच आहे. वेगळा काढून दाखव, आत्ता मोरी उघडतो."

ती चिंचोके वरखाली करत राहिली. सगळे एकसारखे होते.

"गावानं एकमतानं ठरवलंय," कारभारी म्हणाला. "एवढं एकमत माझ्या आजोबांच्या काळातही झालं नव्हतं. आता वर्षभर काही बदलायचं नाही, तुमचीच रीत आहे."

माळीण कोतवालाकडे वळली. "दादा, तुम्ही काळ्यात टाकतो म्हणाला होता."

"टाकणारच होतो, ताई." त्याची मान वर होईना. "चौऱ्याऐंशी हातांत माझा हात कधी भ्याला न्हाई. त्या दिशी तो एकटाच होता. चुकलो मी."

माळीण पाठ फिरवून निघून गेली. त्या वर्षी ती वरच्या रानात कारभाऱ्याच्या उसाची खुरपणी करायला जात होती. कोतवाल रोज तिला त्या वाटेनं जाताना पाहायचा आणि रोज त्याचा घास कडू व्हायचा.

वर्ष सरलं. खालची मोरी उघडायची का, यावर सभा ठरली. कोतवालानं दवंडी दिली, पण त्याच्या कमरेला पिशवी नव्हती. कुणी चिंचोका पुढे केला की तो हात पाठीमागे घ्यायचा.

"माजलास का रे?" वरच्या आळीतल्या एकानं विचारलं. "कालपर्यंत नेत होतास की."

"कालपर्यंत नेत होतो. आता ज्याचा त्यानं आणायचा."

चौऱ्याऐंशी काही आले नाहीत. एकसष्ट आले, तेही कुरकुरत. म्हातारा उठला आणि आजोबांच्या विहिरीपासून सुरू झाला. साडू भांडले. वरच्या आळीतले उसाचं सांगत राहिले, खालच्या आळीतले वांग्यांचं. ऊन उतरलं, पोरं पेंगली, दोघेतिघे उठून जायला निघाले, त्यांना बायकांनी दटावून खाली बसवलं. मग एकसष्ट मुठी दोन्ही मडक्यांत एकामागून एक गेल्या. कारभारी डोळे ताणून पाहत होता, पण त्याला काही कळलं नाही.

तांबड्यात तेहतीस निघाले, काळ्यात अठ्ठावीस. मोरी उघडायचं ठरलं.

कुणी जल्लोष केला नाही. सगळ्यांचीच कंबर धरली होती. माळीण पारावरून उतरताना कोतवालापाशी थांबली. वर्षभरात ती त्याच्याशी बोलली नव्हती.

"पाठ मोडली बसून बसून," ती म्हणाली.

"पुढच्या पुनवेला परत सभा हाय, ताई. मोरीच्या दुरुस्तीची."

"परत?"

"परत."

तिनं एक मोठा सुस्कारा सोडला. "दारात येऊन हाक मारा," ती म्हणाली, "येते."

तात्पर्य काढायचं तर ते असं: चारचौघांनी मिळून राज्य चालवायचं म्हणजे कंटाळा हा यायचाच. पण कंटाळून आपलं मत दुसऱ्याच्या पिशवीत टाकलं, तर निर्णय दुसऱ्याचा होतो आणि त्याखाली नाव मात्र आपलंच राहतं.