गिरजाचा दोर

फार मागच्या काळातली गोष्ट. किती मागच्या ते विचारू नका, सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. एका माळावर एक गाव होतं. तिथली माणसं ज्वारी घरात साठवत नसत, जमिनीत खणलेल्या पेवात साठवत. पेव म्हणजे तोंडाशी जेमतेम एक माणूस मावेल एवढा आणि आत रांजणासारखा फुगत गेलेला खोल खड्डा. तोंड लिंपलं की धान्य वर्षानुवर्षं टिकायचं. आतली कोंडलेली हवा मात्र विषारी व्हायची.

या गावाची एक खोड होती. पेवात उतरताना अंगाला दोर बांधायचा नाही. दोर तिरडीला बांधतात, जित्या माणसाला बांधणं अशुभ, असं सगळे म्हणायचे. कुणी म्हणून ठेवलं होतं, देव जाणे! पण चांगली शहाणीसुरती माणसंही मान डोलवायची.

गिरजा याच गावातली. तिचा नवरा एका सकाळी पेवात उतरायला निघाला. जाताना म्हणाला, "पाणी तापत ठेव. धुळीनं माखून येईन." तो खाली गेला आणि हाकेला ओ देईना. त्याला काढायला त्याच्या धाकट्या भावानं उडी घेतली. तोही वर आला नाही.

पाणी तापलं, उकळलं, आटून गेलं. त्यानंतर वीस वर्षं गिरजाला रोज वाटायचं, आता दारात पावलं वाजतील, आता तो खाकरेल. शेजारणी म्हणायच्या, "बाई, सोड आता." सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणी सांगत नसे. माणूस गेला तरी त्याची वाट पाहायची सवय जात नाही, आणि गिरजाला ती जायला नकोच होती.

मुलगा सुभान हाताशी आला. एका वर्षी घरातली ज्वारी संपली आणि पेव उघडायची पाळी त्याच्यावर आली. गिरजानं अंबाडीचा दोर वळला, जाडजूड, पेवाच्या तळाला पुरेल असा. तो खांद्यावर टाकून ती माळावर गेली.

"आये, लोक हसतील," सुभान कुजबुजला.

"हसू देत. तुझ्या बापाची वाट मी वीस वर्सं बघतीया. तुझीबी बघायची ताकद माझ्यात न्हाई रं."

सुभाननं मान खाली घातली आणि दोर काखेतून बांधून घेतला. बायकांनी तोंडाला पदर लावले. गिरजानं दुसरं टोक चार गड्यांच्या हातात दिलं.

"आन् दिवा तळापातूर सोडा," ती म्हणाली. "इझला तर उतरायचं न्हाई."

गावातल्या जाणत्या म्हाताऱ्यानं दिवा सोडला, पण अर्ध्यावरच. "जळतोय की! उतर पोरा." जाणत्यांनाही घाई काही सुटत नाही.

सुभान उतरला. ज्वारीची पहिली पाटी वर आली. दुसरी आलीच नाही.

"सुभान!" गिरजानं हाक मारली. खालून ओ नाही.

"मी जातो, काकी!" सुभानचा चुलतभाऊ पागोटं फेकून पेवाकडे धावला. वीस वर्षांपूर्वी उडी घेतली होती ती याच्याच बापानं. गिरजाचेही पाय पेवाकडे ओढ घेत होते. आपणच उतरावं, नवरा आणि मुलगा दोघांनाही गाठावं, असं तिला त्या क्षणी फार वाटलं. पण तिनं पुतण्याचा हात घट्ट धरला.

"कुणी उतरायचं न्हाई! वढा!"

चौघांनी दोर ओढला. सुभान वर आला तो निपचित, काळानिळा. त्याला मोकळ्यावर निजवलं, बायका पदरानं वारा घालू लागल्या. बऱ्याच वेळानं तो खोकला आणि त्यानं डोळे उघडले.

माळावर एकच गलका झाला. गिरजा मात्र दोर मांडीवर घेऊन खाली बसली आणि ढसाढसा रडू लागली.

"एवढंच लागत हुतं गं," ती शेजारणीला म्हणाली. "तवा बी एवढंच लागत हुतं."

जाणत्या म्हाताऱ्यानं चूक कबूल केली. तेव्हापासून त्या गावात दिवा तळापर्यंत सोडल्याशिवाय, अंगाला दोर बांधल्याशिवाय आणि वर चार माणसं उभी केल्याशिवाय कुणी पेवात उतरत नाही.

तात्पर्य : आपल्या माणसावरची माया आधी दोर बांधून दाखवावी, मागाहून घेतलेल्या उडीनं कुणी परत येत नाही.