स्तामेनाच्या घरची ज्योत

भाविक हो, त्या हिवाळ्यात आर्कादिये महाराज ब्रेझना गावी उतरले होते. सर्बांच्या डोंगराळ मुलखातले हे चाळीस-पन्नास उंबऱ्यांचे गाव. महाराज एरवी वरच्या कड्यातल्या गुहेत राहत. पण संत निकोलांच्या दिवशी न चुकता खाली येत, कारण त्या दिवशी निम्म्या गावाची स्लावा असे.

आपल्याकडे घराण्याला कुलदैवत असते, तसा सर्ब माणसाच्या घराण्याला एक संत असतो. वर्षातून एक दिवस त्याच्या नावाने मेणबत्ती लावायची, गव्हाच्या घुगऱ्या शिजवायच्या, रोट भाजायचा आणि दारी येईल त्याला, मग तो कुणीही असो, जेवू घालायचे. हीच स्लावा. परक्या अंमलाखाली कित्येक पिढ्या गेल्या, पण त्या एका ज्योतीपाशी बसून आपण कोण आहोत हे ते लोक कधी विसरले नाहीत.

वुकाशिन हा गावचा प्रमुख, आपल्याकडचा पाटीलच म्हणा. त्या सकाळी चर्चमध्ये त्याचा रोट परातीएवढा होता, वर कणकेची द्राक्षे आणि पाखरे काढलेली. त्याच्या शेजारी स्तामेनाने आपला जवाचा तळहाताएवढा रोट ठेवला. स्तामेना विधवा, मूलबाळ नाही. नवरा ओब्राद वारून नऊ वर्षे होत आली होती. वुकाशिनने तो रोट दोन बोटांनी बाजूला सारला.

"स्लावा बापाकडून मुलाकडे जाते," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "तुझ्या घरची ओब्रादबरोबर संपली. हा कुणासाठी भाजलास?"

काही जण हसले. स्तामेनाने वुकाशिनकडे एकदा पाहिले आणि रोट उचलून शालीखाली धरला. महाराजांनी तो तिच्याकडून मागून घेतला, सर्वांत आधी त्याच्यावर आशीर्वाद दिला, आणि आज आपण हिच्याकडेच जेवणार असे सांगितले.

वुकाशिनला हे फार लागले. दुपार कलली तरी महाराज त्याच्या घरी आले नाहीत, आणि जमलेले पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. तेव्हा त्यांना स्वतःच घेऊन येतो म्हणून तो तिरीमिरीत निघाला. स्तामेनाचे घर गावाच्या वर, चढावर. अर्ध्या वाटेत असा हिमवारा सुटला की पुढे केलेला हात दिसेना. वाट सुटली, पाय घसरला आणि तो कमरेएवढ्या बर्फात रुतला. ओरडला, पण वाऱ्यात स्वतःचा आवाज त्याला स्वतःलाच ऐकू आला नाही.

तिथे त्याला ते आठवले. नऊ वर्षांपूर्वी याच दिवशी परक्या अंमलाचे शिपाई स्लावा कोण पाळतो ते पाहायला घरे तपासत आले होते. ओब्राद धावत सावध करायला आला, तेव्हा वुकाशिन आपली मेणबत्ती फुंकत होता. शिपायांना त्याने सांगितले की आमच्या घरी असले काही नसते. ओब्रादने मात्र घरी जाऊन आपली ज्योत पेटती ठेवली, मार खाल्ला आणि वसंत उजाडण्याआधी गेला. त्या घरची मेणबत्ती पाहिली की वुकाशिनला स्वतःची लाज वाटे; आणि त्या लाजेचा सूड तो विधवेवर घेत आला होता. संत निकोलांना हाक मारायलाही त्याची जीभ वळेना. कोणत्या तोंडाने मारणार?

एवढ्यात वरच्या अंगाला एक ज्योत दिसली. एवढ्या वाऱ्यात ती हलतही नव्हती. तो ओणवा होऊन, हातांनी बर्फ उकरत तिच्याकडे सरकत राहिला. हाताला दगडी भिंत लागली आणि ज्योत दिसेनाशी झाली. भिंत चाचपत तो दारापर्यंत गेला.

स्तामेनाने दार उघडले. आत महाराज बसले होते, मेजावर मेणबत्ती जळत होती. वुकाशिनने वळून पाहिले. तो ज्या बाजूने आला, त्या भिंतीला खिडकीच नव्हती. तिथे नुसता दगड होता.

स्लावेच्या घरी शिरताना पाहुण्याने शुभेच्छा द्यायची असते. वुकाशिन ती न देताच उंबऱ्यात थबकला.

महाराज म्हणाले, "वुकाशिना, तुझ्या संताने तुला इथेच आणले. आता जे सांगायचे ते हिला सांग."

त्याने टोपी काढली. "त्या दिवशी मी माझी मेणबत्ती फुंकली होती," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," स्तामेना म्हणाली. "ओब्रादने जाण्याआधी सांगितले होते. म्हणाला, कुणाजवळ बोलू नकोस, त्याला गावात राहायचे आहे."

म्हणजे नऊ वर्षे! सकाळी भर चर्चमध्ये एका वाक्यात ती त्याला धुळीला मिळवू शकली असती. वुकाशिनने मान खाली घातली ती वर होईना. गोठलेल्या गालांवरून पाणी वाहू लागले.

स्तामेनाने जवाचा रोट त्याच्यापुढे धरला. रोट मोडताना दोघांनी मिळून फिरवायचा असतो, आणि तो फिरवायला तिच्या घरी नऊ वर्षे दुसरे कुणी नव्हते. "दुसरी बाजू धरा," ती म्हणाली.

त्याने दोन्ही हातांनी धरला. मग गुडघे टेकून त्याने तिच्या रोट धरलेल्या हातांवर कपाळ ठेवले. महाराजांनी डोळे मिटले. वारा ओसरेपर्यंत तिघे त्या ज्योतीपाशी बसून राहिले.

अशा त्या आर्कादिये महाराजांचे स्मरण आपल्याही माना थोड्या लववो.