पेत्राचे पाय

"मास्तर, ओबेदचा आवाज तिसऱ्या सतरंजीपर्यंतसुद्धा जात नाही. मग येशू तो का?"

सीलासनं विचारलं तेव्हा पारखेमास्तर येशूच्या झग्याला आतून टाके घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी उपासना झाली की चर्चच्या आवारात नाटक व्हायचं. ते बसवायचे मास्तर, आणि येशू व्हायचा सीलास. त्याचा आवाज फाटकाबाहेरच्या पानटपरीपर्यंत पोचायचा, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. यंदा मास्तरांनी येशू ओबेदला दिला आणि सीलासला पेत्र केलं. येशू आपल्या ज्या शिष्याचे पाय धुतो, तो पेत्र.

आता सीलासचाच जुना झगा ओबेदच्या मापानं आखूड होत होता. ते बघून सीलासचा जीव जळत होता.

"आतले टाके कोण बघणार आहे, मास्तर?"

"घालणारा."

"माझ्यात काय कमी आहे, तेवढं तरी सांगा."

मास्तरांनी दातानं दोरा तोडला.

"पेत्र नीट कर. मग विचार."

तालमी सुरू झाल्या. पाय धुवायची परात रिकामीच असायची. ओबेद खाली बसून हवेतच पाय धुवायचा, आणि सीलास त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत बसायचा. ओबेदची पाठ वळली की तो त्याची चाल आणि त्याचा बारीक आवाज हुबेहूब करून दाखवायचा. बाकीचे शिष्य हसायचे.

येशूला दगा देणाऱ्या यहूदाचं काम करणारा मनोहर एकदा म्हणाला, "सीलास, यहूदा मला दिलाय. तू पेत्रच राहा."

त्यावर सगळे आणखी हसले. सीलास तेवढा हसला नाही.

नाटकाच्या दिवशी, गुरुवारी, गॅरेजमधलं काम आटोपल्यावर त्यानं हात घासून घासून धुतले. मग डब्यातलं काळं वंगण बोटांवर घेतलं आणि दोन्ही पायांच्या तळव्यांना, बोटांच्या बेचक्यांत नीट चोळलं. वरून मोजे चढवले. गार पाण्यानं हे निघणार नव्हतं. ओबेद चारचौघांत गोंधळला की मास्तरांना आपोआप उत्तर मिळणार होतं.

पाय धुण्याचा प्रवेश आला. सीलासनं मोजे आधीच काढून ठेवले होते. आपले पाय येशूनं धुवायचे नाहीत म्हणून पेत्र आधी नकार देतो. सीलासनं तो नकार असा दणकून दिला की पार मागे बसलेल्या बायका दचकल्या. मग त्यानं पाय परातीत ठेवला.

पाणी कोमट होतं.

ओबेदनं पाय हातात घेतला. वंगण बघितलं. एकदाच वर, सीलासच्या तोंडाकडे बघितलं.

तालमीत जे दोन हात मारून व्हायचं, ते आता संपेना. ओबेदनं कमरेच्या पंच्याचं टोक भिजवलं आणि एकेक बोट धरून तो पुसू लागला. परातीच्या काठामुळं समोरच्यांना पाय दिसत नव्हते. कुणीतरी खोकलं. मग तेही थांबलं.

"पुढं चल," सीलास ओठ न हलवता म्हणाला. "कुणाला दिसत नाही."

ओबेद पुसतच राहिला. पाणी काळं झालं, पंचा काळा झाला. सीलासला आपली पुढची वाक्यं आठवेनात. सगळं आवार इतकं चिडीचूप झालं की वरची पताका फडफडलेली ऐकू येत होती.

"दुसरा दे," ओबेद म्हणाला.

नाटकात हे वाक्य नव्हतं. नेहमीच्याच बारीक आवाजात म्हणाला, पण ते शेवटच्या सतरंजीपर्यंत गेलं.

सीलासनं दुसरा पाय दिला.

लोक पांगले. पोरं सतरंज्या गुंडाळू लागली. मास्तर चर्चच्या पायरीवर बसले होते. शेजारी तो पंचा पडला होता. सीलास त्यांच्याजवळ येऊन बसला.

"मास्तर, पाणी कोमट होतं."

"हं."

"तुम्ही सांगितलं होतं त्याला?"

"नाही. मला आत्ता कळतंय."

सीलासनं ओबेदला पाण्याबद्दल आधीच विचारलं होतं. पेत्र दिवसभर चालून दमला असणार, म्हणून स्टोव्हवर पाणी जरा तापवलं, एवढंच तो म्हणाला होता. वंगणाबद्दल चकार शब्द नाही. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या, तर सीलासला बरं वाटलं असतं.

"वंगण मी मुद्दाम लावलं होतं."

"हं."

"पण पाणी कोमट आहे की गार, बघणाऱ्यांना काय कळणार होतं?"

मास्तर त्याच्या पायांकडे बघत राहिले. ते स्वच्छ होते.

सीलास उठला. दोन पावलं गेला आणि परत फिरला. विचारू नये असं त्यालाही वाटत होतं, पण राहवेना.

"मास्तर... पुढच्या वर्षी येशू कोण?"

मास्तरांनी काळा पंचा उचलून त्याच्या हातात दिला.

"आधी हा धुऊन आण. पाणी कोमट घे."