आधी दाखवलेले शेवटचे चित्र

एका नदीकाठच्या गावात एकदा एक वृद्ध चित्रकथी आपल्या शिष्यासह मुक्कामाला आला. रंगवलेली चित्रे एकामागून एक लोकांसमोर धरायची आणि गोष्ट सांगायची, हा त्याचा पिढीजात व्यवसाय. शिष्य हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते. त्या संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर गोष्ट सांगण्याचा मान गुरूंनी प्रथमच त्याला दिला.

गोष्ट एका राजपुत्राची होती. तो जन्मला तेव्हा एका सोनेरी पाखराने भविष्य सांगितले होते, की हा मुलगा एक दिवस दगड होईल. पुढे राक्षस आले, बोलणारी झाडे आली, मंतरलेली तलवार आली. आणि शेवटच्या चित्रात भरल्या नदीच्या मधोमध राजपुत्र दगड होऊन उभा राहिला. शिष्याने आवाज असा काही लावला, की बायकांनी डोळ्यांना पदर लावले. स्वारी भलतीच खूश झाली.

गर्दी पांगल्यावर बारा-तेरा वर्षांची एक मुलगी पुढे आली.

"पाखरानं आधीच सांगितलं होतं, तर त्यानं एवढी धडपड कशाला केली?"

"नाही केली असती तरी दगडच झाला असता," शिष्य ऐटीत म्हणाला. "नशिबापुढे कुणाचं काही चालत नाही, बाळ."

मुलीने मान हलवली आणि ती निघून गेली. थोड्या वेळाने देवळाचा पुजारी काळजीच्या चेहऱ्याने आला. मुलगी गावच्या नावाड्याची होती, नाव मंजुळा. गावातली शाळा संपली, की पुढची शाळा नदीपलीकडे. नावाडी साऱ्या गावाची मुले रोज पलीकडे पोचवी, पण पोटच्या पोरीला होडीत पाय ठेवू देत नसे; हिला पाण्यापासून भय आहे, असे पत्रिका पाहणाऱ्याने सांगितले होते. महिनाभर पोरगी बापाशी भांडत होती. आज मात्र देवळाच्या पायरीवर ती पुजाऱ्याला म्हणाली होती, "जाऊ दे काका. मी नाही जाणार शाळेत."

शिष्याचा चेहरा उतरला. मन चांगलेच होते त्याचे. "गुरुजी, उद्या मी नवं चित्र रंगवतो. पाखराचं बोलणं खोटं ठरतं, राजपुत्र सुटतो. पोरीला बरं वाटेल."

"पाच वर्षांची असती तर वाटलं असतं," गुरू म्हणाले. "या वयात मुलांना बनवाबनवी लगेच कळते. तोंडावर बोलत नाहीत, पण पुन्हा आपली गोष्ट ऐकायला येत नाहीत."

दुसऱ्या दिवशी गुरू स्वतः ओट्यावर बसले. नावाड्याला मुलीसह यायचा निरोप त्यांनी आधीच धाडला होता. त्यांनी पहिल्याप्रथम गाठोड्यातून शेवटचे चित्र बाहेर काढले आणि खांबाला टेकवून ठेवले. "हा मुलगा दगड होणार. यात बदल नाही," ते म्हणाले. शिष्याने कपाळावर हात मारला. शेवटच सांगून टाकल्यावर उरले काय?

मग गुरू एकेक चित्र धरीत आणि मुलांनाच विचारीत, "राक्षसानं वाट अडवली. मागं फिरू की पुढं जाऊ?" मुले हमरीतुमरीवर येत. मंजुळा बापाजवळ बसून नुसती ऐकत होती. अखेर नदी आली. नदीला पूर होता, मध्ये एक भोवरा होड्या गिळत होता, आणि राजपुत्राचे पाय जड होऊ लागले होते.

गुरू थांबले. "आता थोडाच वेळ आहे. कुठं जाऊन उभा राहू?"

कुणी म्हणाले राजवाड्यात, कुणी म्हणाले आईजवळ. मंजुळा हळूच म्हणाली, "भोवऱ्यात. तिथं दगड असला तर भोवरा मोडेल. होड्या जातील."

सगळ्यांनी खांबाकडे पाहिले. चित्रातल्या दगडाला वळसा घालून एक इवलीशी होडी पलीकडे निघाली होती. काल ती कुणालाच दिसली नव्हती, गोष्ट सांगणाऱ्यालाही नाही.

मुक्कामावर परतताना शिष्याने विचारले, "गुरुजी, शेवट तर तोच राहिला. मग वेगळं काय झालं?"

"दगड होईल, एवढंच पाखरू बोललं. कुठं उभा राहील, कुणासाठी उभा राहील, हे ते बोललं नाही. तेवढी जागा त्या मुलाची होती. काल तू पाखराची गोष्ट सांगितलीस, मुलाची राहून गेली. लहानग्यांना सुटका हवी असते. जरा मोठी झाली, की मुलं विचारतात, माझ्या हातात काय आहे? तिनं तुला तेच विचारलं होतं."

शिष्य खजील झाला आणि त्याने चित्रांचे गाठोडे गुरूंच्या हातातून आपल्याकडे घेतले.

सकाळी दोघांना पलीकडे जायचे होते. होडी काठाला बांधलेली, नावाड्याचा पत्ता नाही. शिष्य हाका मारीत थोडा पुढे गेला आणि थबकला. नावाडी कंबरभर पाण्यात उभा होता. मुलीच्या पोटाखाली त्याने दोन्ही हात धरले होते, आणि ती खोकत, ठसकत हातपाय मारीत होती. भीती पोरीपेक्षा बापाच्याच चेहऱ्यावर जास्त होती.

"जरा थांबा, महाराज," तो ओरडला. "पोरगी म्हणते, पाण्याचं भय आहे ना, मग आधी पोहायला शिकवा. अजून हात सोडवत नाही हो मला."

शिष्य चित्रांचे गाठोडे मांडीवर घेऊन काठावरच बसला.

"सावकाश शिकवा," तो म्हणाला. "आम्हाला घाई नाही."