राघू मेंढ्याची दोन गिऱ्हाइकं

जत तालुक्याच्या खडकाळ माळावर एक लहानसं गाव आहे. त्या गावात जक्कव्वा नावाची एक धनगरीण राहत असे. तिच्याकडे साठ मेंढ्या होत्या आणि एक मेंढा होता. पण तो मेंढा असा, की साठ मेंढ्या एका बाजूला आणि तो एकटा एका बाजूला! उंची कमरेएवढी, चाल सरदाराची, आणि नाक थेट पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. म्हणून त्याचं नाव ठेवलं होतं राघू.

राघू कळपात येऊन तीन वर्षं झाली होती. आता त्याच्या पोटच्या मेंढ्या वयात आल्या होत्या. अशा वेळी मेंढा त्याच कळपात ठेवत नाहीत, नाहीतर पुढची पिल्लं दुबळी निपजतात. राघूला नवं घर शोधणं भाग होतं. बाजारात नेला तर दलाल भाव पाडणार. तेव्हा जक्कव्वानं ठरवलं, की मेंढा मोबाइलवरून विकायचा. जनावरांच्या खरेदी-विक्रीचं एक ॲप होतं, त्यावर तिनं आपलं नाव नोंदवलं.

तिनं राघूला अंघोळ घातली, कपाळाला भंडारा लावला आणि त्याचे बारा फोटो काढले. त्यातले तीन बरे आले. खाली लिहिलं, "जातिवंत मेंढा. किंमत चार लाख."

तिचा नवरा म्हाळाप्पा हसून म्हणाला, "अगं, मोबाइलवर बघून चार लाख कोण दील?"

कोण देईल? दुपार व्हायच्या आत फोन वाजायला लागला, तो थांबेचना! कुणी राघूची उंची विचारी, कुणी वजन विचारी. कुणी नुसतंच "लय भारी" लिहून जाई. गल्लीतल्या बाया भांडी तशीच टाकून जक्कव्वाच्या अंगणात गोळा झाल्या. प्रत्येक वेळी फोन टिंग करी आणि सगळ्या एकदम माना लांब करीत. जक्कव्वाच्या छातीत ढोल वाजत होता. आपला राघू आज सगळा मुलूख बघतोय, या विचारानं तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

संध्याकाळपर्यंत दोन गिऱ्हाइकं खरी वाटली.

पहिला फोन आला एका साहेबांचा. आवाज भारदस्त, बोलणं गोड. "ताई, मी विश्वजित बोलतोय. पुण्याजवळ आम्ही मोठा फार्म काढलाय. तुमच्या मेंढ्याचा फोटो पाहिला आणि नजर हटेना! असं देखणं जनावर सांभाळणारी बाईही तशीच हुशार असणार. चार कशाला, मी पाच लाख देतो. उद्याच गाडी पाठवतो."

पाच लाख! जक्कव्वानं फोनवर हात ठेवून तो आकडा मोठ्यानं सांगितला, तेव्हा अंगणात एकच कल्ला झाला. तिनं ॲपवर साहेबांचं पान उघडून पाहिलं. तिथं त्यांचं नाव होतं, एक चकचकीत फोटो होता आणि खाली ओळ होती: आजवरचे व्यवहार शून्य.

दुसरा फोन एका बाईचा होता. नाव कुंदा डोईफोडे, गाव परांडा तालुक्यातलं. तिच्या पानावर तर फोटोही नव्हता, आणि व्यवहार तिचेही शून्यच. पण प्रश्न किती विचारावेत तिनं! "मावशी, वय काय? लस कधी दिली? खुरांना काही आजार? जरा चालवून व्हिडिओ पाठवता का? आणि तोंड उघडून दात दाखवा ना."

"तोंड उघडू? कुणाचं, मेंढ्याचं का माझं?" जक्कव्वा वैतागून म्हणाली. अंगणातल्या बाया खिदळल्या.

पलीकडून कुंदाही हसली. "राग मानू नका, मावशी. आमचा बावीस बायांचा बचत गट आहे. एकेकीनं एक अशा बावीस मेंढ्या घेतल्यात, आता मेंढा हवाय. आम्हाला तीन लाख ऐंशी हजार जमतील."

"मला पाच लाखाचं गिऱ्हाईक हाय," असं म्हणून जक्कव्वानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला एक पिकअप गाडी धूळ उडवीत दारात येऊन थांबली. ड्रायव्हर मिरजेचा होता, रमजान त्याचं नाव. तो म्हणाला, "आक्का, साहेबांनी फोनवरनं गाडी ठरवलीय. अर्ध्या तासात निघालो नाही तर भाडं देणार नाहीत म्हणाले."

तेवढ्यात जक्कव्वाच्या फोनवर मेसेज आला. "आपल्या खात्यात पाच लाख रुपये जमा झाले आहेत." मागोमाग साहेबांनी पैसे पाठवल्याचा फोटोही आला. हिरवी खूण, त्याखाली जक्कव्वाचं नाव, सगळं जिथल्या तिथं!

म्हाळाप्पानं पटका उडवला. बायांनी आरतीचं ताट आणलं. राघूला ओवाळलं, चार गड्यांनी त्याला उचलून गाडीत चढवलं. तोही असा ऐटीत उभा राहिला, की जणू मिरवणुकीलाच निघालाय. जक्कव्वाचे डोळे भरून आले, पण ते सुखानं. तिच्या हातचं जनावर पाच लाखाला जात होतं. पंचक्रोशीत असं कधी घडलं नव्हतं.

फोन वाजला. साहेब होते. "ताई, पैसे मिळाले ना? मग गाडी सोडा पटकन."

"सोडते की," जक्कव्वा म्हणाली. आनंदाच्या भरात तिला मेंढ्याचं आणखी थोडं कौतुक सांगावंसं वाटलं. "साहेब, तुम्ही दातांचं काही इचारलंच न्हाई!"

"दात? हो, हो. वरचे, खालचे सगळे शाबूत आहेत ना? बस झालं."

जक्कव्वाचा हात ताटावरच थांबला.

मेंढराला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. नुसती घट्ट हिरडी असते. धनगराघरचं चार वर्षांचं पोरही हे जाणतं. मेंढा विकत घेणारा माणूस आधी खालचा ओठ वाकवून खालचे दात मोजतो, त्यावरून वय ठरवतो. आणि हा फार्मवाला वरचे दात विचारत होता!

तिच्या मनात एकदम लख्ख झालं. ज्याला जनावराची काडीची माहिती नाही, तो चार लाखाच्या जनावराला पाच लाख कशाला देईल? आणि ज्याला खरंच पाच लाख द्यायचे आहेत, तो एकही प्रश्न कसा विचारणार नाही?

"साहेब," ती म्हणाली, "गाडी जरा थांबू द्या. मी बँकेत जाऊन येते. पुस्तकात पैसे उतरले की लगेच सोडते."

साहेबांचा आवाज आधी आणखी गोड झाला. "ताई, अहो, मी तुम्हाला बहीण मानलं आणि तुम्ही भावावर संशय घेता?"

"संशय न्हाई, दादा. तासाभराचं तर काम हाय."

मग गोडी संपली. "तुम्हाला एवढा भाव कुणी दिला असता का? म्हणूनच जन्मभर मेंढरांमागं फिरता तुम्ही! पाच मिनिटांत गाडी निघाली नाही तर सौदा मोडला."

म्हाळाप्पा घाबरला. "अगं, गिऱ्हाईक तुटंल!"

"तुटू दे," जक्कव्वा म्हणाली. "अवं, राघूला खाली उतरवा. पैसं आल्यावर परत चढवू की. पण एकदा का राघू गेला, तर कुणाच्या दारात जाऊन शोधायचा?"

बायांनी कुजबुज केली. कुणी म्हणालं, बाईला वेड लागलं. पण राघू खाली उतरला. नवरा-बायको शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर बसले आणि माळावरून सुसाट निघाले. जक्कव्वाचा पदर वाऱ्यावर उडत होता. अर्ध्या वाटेपर्यंत तिलाही वाटत होतं, पैसे आलेले असले तर? आपल्या हट्टापायी एवढा सौदा हातचा गेला तर? पण तिनं मागं वळून पाहिलं नाही.

बँकेतल्या बाईंनी पासबुक यंत्रात घातलं, बाहेर काढलं आणि मान हलवली. "आज काहीच जमा नाही." मग त्यांनी तो मेसेज वाचला. "आणि मावशी, हा बँकेचा मेसेजच नाही. कुणीतरी आपल्या साध्या नंबरावरून लिहून पाठवलाय."

"चला, चला लवकर!" जक्कव्वा म्हाळाप्पाला म्हणाली. राघू खाली उतरवला होता खरा, पण गाडी अजून दारातच होती.

ती धापा टाकत अंगणात आली. राघू खुंट्याला बांधलेला होता आणि मजेत कडबा चघळत होता. रमजान त्याच्याशेजारी दगडावर बसला होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"आक्का," तो उठून म्हणाला, "तुम्ही गेलात आणि साहेबांचा फोन आला. म्हणाले, बाई नाही तोवर मेंढा घाल गाडीत आणि पळ, दुप्पट भाडं देतो. मी म्हटलं, भाडं गेलं खड्ड्यात! गाडी बंद केली." त्यानं गाडीची किल्ली तिच्या हातावर ठेवली. "माझ्यावरही कुणाला शंका यायला नको."

साहेबांना फोन लावला, तर तो बंद. ॲपवरचं पानही नाहीसं झालेलं. जक्कव्वानं रमजानला पोटभर जेवू घातलं, आणि त्याला साक्षीला घेऊनच पोलिस ठाण्यात तक्रार दिली.

घरी येताच म्हाळाप्पा कडाडला. "ती जाहिरात आधी काढून टाक! आणि हितनं पुढं शून्यवाल्याचा फोन घ्यायचाच न्हाई. ज्याचं शंभर सौदे झालेत त्यालाच मेंढा द्यायचा."

जक्कव्वालाही तेच पटलं. दुधानं तोंड भाजलं होतं ना! ती जाहिरात काढायला बसली, तेवढ्यात फोन वाजला. कुंदा होती.

"मावशी, मेंढा गेला का?"

"न्हाई गेला. पर तुला देणार न्हाई. तुझं सौदे शून्य हायत. शून्यवाल्यानं मला आज बुडवलंच होतं."

कुंदा म्हणाली, "मावशी, तुमच्याही नावापुढं शून्यच आहे की. तरी आम्ही बावीस बाया तुमच्याकडं यायला तयार आहोत. पहिला सौदा कधीतरी करावाच लागतो ना?"

जक्कव्वानं आपलं पान उघडून पाहिलं. खरंच की! विक्रेत्याचं नाव जक्कव्वा सरगर. आजवरचे व्यवहार शून्य. तिला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली.

"बरं, या," ती म्हणाली. "पर माझी एक अट हाय. पैसं पासबुकात दिसल्याबिगर राघूचं दावं सुटणार न्हाई."

"बरोबर आहे. मी तर तेच सांगणार होते. आणि आमचीही अट ऐका. दात बघितल्याशिवाय, चालवून बघितल्याशिवाय आणि तुमच्या गावच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय आम्ही एक पैसा देणार नाही."

"आता कसं बोललीस!" जक्कव्वा मोठ्यानं म्हणाली. आदल्या दिवशी ज्या प्रश्नांनी तिचं डोकं उठलं होतं, त्याच प्रश्नांनी आज तिला धीर आला.

गुरुवारी सकाळी एक जीप आणि तिच्यामागं एक रिकामा टेम्पो आला. बावीस नव्हे, पण आठ बाया जीपमधून उतरल्या, नव्या लुगड्यांत, जणू वऱ्हाडच! कुंदानं पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला आणि आधी राघूचा खालचा ओठ वाकवला. तिनं दात मोजले. दुसरीनं खुरं पाहिली. तिसरीनं राघूला अंगणातून तीनदा फिरवलं. डॉक्टर आले, त्यांनी तपासून "उत्तम आहे" म्हटलं. मग घासाघीस सुरू झाली. कुणी पुढं, कुणी मागं, कुणी रुसलं, कुणी चहा प्यालं. शेवटी तीन लाख नव्वद हजारांवर हातावर हात पडला!

मग सगळ्याजणी मिळून बँकेत गेल्या. पासबुकात रक्कम उतरली, तेव्हा आठही बायांनी आणि जक्कव्वानं ती ओळ बोट लावून वाचली. कुणालाही कमीपणा वाटला नाही. बँकेतल्या बाई म्हणाल्या, "असा सौदा मी आजवर बघितला नाही!"

राघू जीपमागच्या टेम्पोत चढला. कुंदानं जक्कव्वाच्या पाया पडून सांगितलं, "मावशी, पोचलो की फोन करते." आणि तिन्हीसांजेला तिचा फोन आला.

सहा महिन्यांनी जक्कव्वाच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. परांड्याच्या माळावर अकरा कोकरं उड्या मारत होती. मागून बायांचं हसणं ऐकू येत होतं आणि कुंदा ओरडत होती, "मावशी, नाकं बघा, नाकं!"

जक्कव्वानं पाहिलं. अकराच्या अकरा नाकं पोपटाची! ती फोन घेऊन अनवाणीच गल्लीत धावली. जो भेटेल त्याला ती फोन दाखवी आणि म्हणे, "ही बघा माझी नातवंडं!"

तात्पर्य: नवख्या माणसाला दारातून हाकलू नये आणि डोळे मिटून घरातही घेऊ नये. एकच अट सर्वांना घालावी. खरा माणूस ती आनंदानं पाळतो, खोट्यालाच घाई होते आणि तिचा राग येतो.