सभागृहाखालचा नाला

“मग उद्या समितीपुढे काय सांगणार, सर?”

प्रश्न त्र्यंबकराव देवस्थळींना होता.

शहराचा सगळा नवा भाग त्यांनी आखलेला. रस्ते, बागा, शाळा... आणि मधोमध ते सभागृह. ते पाहायला लांबलांबून माणसं येत. आता नगरपालिका ते पाडायचं म्हणत होती.

विचारणारा पराशर बोंद्रे हा त्यांचा लाडका विद्यार्थी. आता स्वतः नावाजलेला वास्तुविशारद, महाविद्यालयाचा प्राचार्य.

“तुम्ही नुसते येऊन बसलात तरी पुरे,” तो म्हणाला. “तुमच्या तोंडावर ‘पाडा’ म्हणायची कोणाची छाती होणार नाही.”

“का पाडतायत, ठाऊक आहे?”

“निमित्त हवंय त्यांना. म्हणे, खालचा नाला तुंबतो, तो उघडा करायचाय.”

“तो नाला मीच जमिनीखाली घातला. चौक सरळ यावा म्हणून.”

“मग पंप बसवू देत.”

“बसवले.”

“भिंत घालू देत.”

“घातली.”

...

सरांनी काठी घेतली. “चल.”

सभागृहाच्या मागून उतार लागतो. तळाशी पत्र्याच्या घरांची वस्ती. पराशर या चौकात कितीदा तरी आला होता, पण मागे कधी उतरला नव्हता. सर मात्र ओळखीच्या वाटेनं जावं तसे चालले होते.

एका दारापाशी ते थांबले.

“मालन, आहेस का?”

“या की आजोबा. लई दिसांनी आलासा.”

मालननं चहाचं आधण ठेवलं. घरात एकच खाट, तिचे पाय विटांवर चढवलेले. दोघं तिच्यावर बसले.

पराशरची नजर वर गेली. आढ्याला पाळणा टांगलेला. इतका उंच, की आत मूल आहे हे त्याच्या आवाजावरूनच कळत होतं.

“पाळणा एवढा वर का बांधलाय?”

“नाल्याचं पाणी शिरतं न्हवं, साहेब. कवा येईल, काय सांगावं.”

“पण आज तर ऊन पडलंय.”

“पडलंय की,” मालन म्हणाली. “पर खाली घेतला की माझा डोळा लागत न्हाई.”

मूल रडू लागलं. मालनच्या हातात उकळतं भांडं होतं. सर उठले, त्यांनी हात वर केला. पोचला नाही. त्यांनी पराशरकडे पाहिलं.

पराशर उंचापुरा. टाचा उचलून त्यानं पाळण्याची कड धरली आणि हळू झोका दिला. मूल शांत झालं. त्यानं हात काढला, तसं पुन्हा रडू लागलं.

त्यानं पुन्हा कड धरली.

बराच वेळ तो तसाच उभा होता. खांद्याला रग लागली. कपातला चहा निवून गेला.

...

परतताना चढावर त्यानं विचारलं, “सभागृह तुमचं, हे तिला ठाऊक आहे?”

“पहिल्याच भेटीत सांगितलं.”

“मग? काय म्हणाली?”

“बसा म्हणाली.”

चौकात पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. सभागृहाची कमान तांबूस दिसत होती. पराशर तिच्यासमोर थांबला.

“म्हणजे उद्या तुम्हीच ‘पाडा’ म्हणणार.”

“हो.”

“ही कमान पाहिली म्हणून मी वास्तुविशारद झालो, सर.”

“माहीत आहे मला.”

सर पायरीवर टेकले. त्यांना धाप लागली होती. पराशर त्यांच्या शेजारी बसला. त्याचा आवाज खाली आला होता.

“दर वर्षी नव्या मुलांना मी सगळ्यात आधी इथं आणतो. आता त्यांना इथं आणून काय दाखवू?”

...

“पाणी जाताना दाखव.”