राणीनं देऊन टाकलेली नदी

एका राज्यात एक नगरी होती. तिला सोन्याच्या भिंती नव्हत्या, रत्नांचे कळस नव्हते, तरी माणसं तिथून हलायचं नाव घेत नसत. का म्हणाल, तर तरळा नदीचं पाणी असं की डाळ एका कढात शिजे. रानाची सावली अशी की भर दुपारी वाटसरू अनवाणी चाले. आणि काठची काळी माती अशी गुणी की तिच्या माठात उन्हाळाभर पाणी गार राही. एवढं असल्यावर माणसाला आणखी काय हवं?

तिथं राणी पद्मलता राज्य करी. मनानं उदार, पण राजवाड्याबाहेर पाऊल म्हणून टाकायची नाही. पाणी तिला चांदीच्या तांब्यात भेटे. नदी तिनं पाहिली ती गच्चीवरून.

त्या राजघराण्याची एक रीत होती. पाहुणा निघाला की राणीनं विचारायचं, "काय आवडलं?" पाहुणा एखादी वाटी, एखादा शेला सांगे, आणि राणी ते त्याच्या हाती ठेवून म्हणे, "आवडलं ते आपलं." पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललेलं. म्हणताना कुणी विचार म्हणून करत नसे.

एकदा धूम्रकेश नावाचा मांत्रिक पाहुणा म्हणून आला. पोटभर जेवला, गाढ झोपला, सकाळी निघाला.

"काय आवडलं?" राणीनं विचारलं.

"इथलं पाणी, इथली सावली, इथली माती."

राणीला वाटलं, कौतुक करतो आहे बापडा. केसांत फूल माळता माळता ती म्हणाली, "आवडलं ते आपलं."

मांत्रिकानं झोळीतून मातीची तीन बोळकी काढली, त्यांची तोंडं उघडली, पुन्हा बंद केली आणि तो वाटेला लागला.

घाटावर बायका धुणी धूत होत्या. त्यांच्या हातातलं लुगडं पाण्यात होतं, ते एकाएकी वाळूवर आलं. नदी नव्हती. मासेसुद्धा तडफडत नव्हते, कारण मासेही गेले होते. रानात गुरं सावलीला बसली होती, ती रणरणत्या उन्हात बसलेली दिसली. कुंभाराच्या चाकावरचा गोळा नाहीसा झाला आणि चाक नुसतंच फिरत राहिलं. शेतांच्या जागी उघडा खडक.

राणी गच्चीवर धावली आणि कठडा धरून खाली वाकून पाहू लागली. खाली लोक चोराच्या नावानं बोटं मोडत होते. मेल्याचे हात झडोत म्हणत होते. हे आपण दिलं, हे राणीला कळून चुकलं, पण सांगायला जीभ उचलेना. तिच्या डोळ्यांदेखत भांडीकुंडी लादलेली पहिली बैलगाडी वेशीबाहेर पडली.

तेवढ्यात कठड्यावर एक भारद्वाज येऊन बसला.

"राणी, माझं घरटं गेलं," तो म्हणाला.

"गेलेलं परत कसं येईल?" राणीनं विचारलं.

"धूम्रकेशाच्या गडावर चल. तुझं तू ओळखलंस तर त्याला द्यावंच लागतं. चुकलीस तर तूही बोळक्यात."

"माझं मला ओळखता येणार नाही?"

भारद्वाज वाटेला लागलासुद्धा. राणीला त्याचा रागच आला, पण ती मागोमाग निघाली.

वाटेत आगीची नदी लागली. भारद्वाजानं पंखाची सावली धरली आणि दोघं पार झाली. गडात पाहते तर भिंतभर फळ्या, फळ्यांवर बोळकीच बोळकी, आणि एकेका बोळक्यात एकेका देशाचं पाणी, रान, माती. किती नगऱ्या उजाड झाल्या असतील!

"मी चोरी केली नाही," मांत्रिक म्हणाला. "तू दिलंस."

"खरं आहे."

"मग नदी ओळख."

सगळं पाणी सारखंच दिसत होतं. ज्या नदीवर जन्म काढला तिचा रंगही आपल्याला आठवू नये, या विचारानं राणी हादरली. तिनं बोळक्यांना कान लावला. पाण्यानं काठावर ऐकलेलं सगळं आत घुमत होतं. एकातून परकी गाणी आली, एकातून घंटा. आणि एकातून आलं, "ऊठ, तो धुण्याचा दगड माझ्या सासूचा." "तुझ्या सासूनं काय घाट विकत घेतला होता?"

हे भांडण दर महिन्याला दरबारात येई आणि राणी जांभई दाबत निवाडा करी. आता तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"ही माझी."

"रान ओळख."

तिनं पुन्हा कान लावला. "मोहाची फुलं आधी आमच्या पाड्यानं वेचायची." "कुणी ठरवलं?" "राणीनं."

"हे माझं."

मांत्रिक हसला. "मातीवरून तुझ्या दरबारात कुणी भांडलं नाही. आता ओळख."

मातीची बोळकी सगळी मुकी. पण लेकाच्या वेळी तिला मातीचे डोहाळे लागले होते. दासीकडून फुटक्या माठांची खापरं मागवून तिनं चोरून खाल्ली होती, वैद्यबुवांना कळू न देता. ती एकेका बोळक्यातली चिमूट जिभेवर ठेवत गेली. खारट, तुरट, कडू. जीभ सुकली. आणि मग एक चिमूट जिभेवर ठेवली तशी तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

"ही माझी."

मांत्रिकाला असा धक्का बसला की तो उभ्या उभ्या धूर झाला आणि झरोक्यातून निघून गेला. फळ्यांवरची उरलेली बोळकी तडातड फुटली. ज्याचं त्याचं पाणी ज्याच्या त्याच्या देशाला चाललं.

राणीनं आपली तीन बोळकी नगरीत रिती केली. माती पसरली, रान उभं राहिलं, तरळा वाहू लागली. वेशीबाहेरच्या गाड्या माघारी वळल्या आणि सगळी नगरी घाटावर लोटली.

"राणीसाहेब, चोर सापडला का?" धुणंवाली गोजराबाई पुढं येऊन विचारू लागली.

होय म्हटलं असतं तर भागलं असतं.

"चोर नव्हता," राणी म्हणाली. "नदी मी दिली होती. पाहुण्याला."

गोजराबाई म्हणाली, "देताना आम्हाला का नाही विचारलं?"

तिनं मान खाली घातली.

गोजराबाईनं आपला घडा तिच्या हातात दिला. "भरा."

राणी जन्मात पहिल्यांदा नदीत उतरली. शेवाळावरून पाय घसरला, पदर भिजला, घडा भरला. उचलताना तो कमरेपर्यंतही येईना.

"एवढा जड असतो?"

"रोजच असतो," गोजराबाई म्हणाली आणि तिनं घड्याला हात लावला.

दुसऱ्या दिवसापासून राजवाड्याचं पाणी राणी स्वतः भरू लागली. त्या नगरीची नदी त्या नगरीला लाभली, तशी ऐकणाऱ्यांची ऐकणाऱ्यांना लाभो.